काजळीचा थर

हिंगणीत एखाद्याचं वय काढायचं असेल तर त्याला जन्मतारीख विचारण्यात अर्थ नाही. निम्म्या गावाची जन्मतारीख शाळेच्या मास्तरांनी एक जून लावून ठेवलेली आहे. त्यापेक्षा त्याला बाजारओळीच्या टोकाला जो दगडी बंगला आहे, त्याचा रस्ता विचारावा. "कन्या शाळेकडं चालले का?" असं म्हणाला तर तो पंचविशीतला. "रेशनच्या गोदामापाशी" म्हणाला तर चाळिशी गाठलेला. "बाळंतिणीचा दवाखाना" म्हणणारी बाई साठीच्या आसपासची असते, आणि टपालाचा बंगला म्हणणारे आता पारावर दोघंतिघंच उरलेत, तेही ऐकायला कमी येणारे. ज्या गोऱ्या साहेबानं कापूस खरेदीसाठी इथं येऊन हा बंगला बांधला, त्याच्या नावानं बंगल्याला ओळखणारं कुणीच राहिलं नाही. सरकारी कागदावर मात्र तेच नाव आहे, आणि ते गावात एकालाही धड उच्चारता येत नाही.

फकीर मोहम्मद सफेदीवाला मात्र या बंगल्याला सगळ्या नावांनी ओळखायचा. कारण साधं होतं. बंगल्याचं काम बदललं की भिंतींना नवा रंग लागे, आणि तो रंग त्याच्या घरातलंच कुणीतरी लावी. टपालाचा पिवळा त्याच्या बापानं, आमीर मिस्त्रीनं लावला. दवाखान्याच्या गुलाबीला बापाच्या लाकडी घोडीखाली बादली धरून हा उभा होता, नऊ वर्षांचा. पुढचे रंग त्याच्याच हातचे. आता तो चौसष्टचा होता. चुन्यानं बोटांच्या पेरांवरच्या रेषा खाऊन टाकल्या होत्या. बँकेत अंगठ्याचं यंत्र त्याला ओळखेना, तेव्हा तो कारकुनाला म्हणाला होता, "भाऊ, यंत्राचा कसूर नाही. मीच पुसल्या गेलो."

यंदाची दिवाळी कोरडी गेली. पाच वर्षांमागं दिवाळीआधीच्या महिनाभर त्याला जेवायला सवड नसायची. आता लोक मलकापूरहून डबे आणतात, दोन पोरं येतात, दोन दिवसांत घर गुळगुळीत करून जातात. चुना नको, वास नको, वाट पाहणं नको. फकीर मोहम्मदला आख्ख्या हंगामात दोन गोठे आणि मशिदीची मागची भिंत मिळाली. मुलगा जुनेद मलकापूरला ट्रकवर होता, मुलगी महेजबीन सासरी, बीबी गावाला. घरात दोघंच, तो आणि इमामबी. दोघांना लागतं किती, असं म्हणायला सोपं असतं, पण काम नसलेल्या माणसाचं घरात बसणं बायकोला कळतं आणि त्यालाही कळतं.

अशात मार्गशीर्षात ठेकेदार हरिओम मोटारसायकलवरून दाराशी आला. खाली उतरलाही नाही.

"चाचा, चुन्याचं काम जमते ना अजून?"

"हात हायेत तं जमते. कुठी?"

"साहेबाचा बंगला. सरकारनं पैसा देल्ला. वाचनालय अन् जुन्या वस्तूंचं घर करून राह्यले. सव्वीस जानेवारीले उद्घाटन. नागपूरची एक मॅडम आली, ते म्हन्ते डब्याचा रंग चालत नाही, पह्यले होता तसाच चुना पाह्यजे. म्या म्हटलं असा मानूस गावात एकच हाय." मग तो जरा वाकला. "हे चांगलं झालं तं झेडपीच्या शाळेचंही तुमालेच देतो. पंधरा दिवसाचं पक्कं काम."

फकीर मोहम्मदनं लगेच हाव म्हटलं. म्हटल्यावर मागं वळून पाहिलं. इमामबी दारात ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं नव्हतं, पण ज्वारी सुपातून खाली सांडत होती.

इमामबी त्या बंगल्यात तीस वर्षं गेली नव्हती. गेली नव्हती म्हणजे अंगणातसुद्धा नाही. बाजाराला जायचं तर बंगल्यावरून सरळ रस्ता आहे, पण ती तेल्याच्या बोळातून वळसा घालून जाई. पोरगी कन्या शाळेत घालायची वेळ आली तेव्हा तिनं पोरीला दोन मैलांवरच्या शाळेत पाठवलं. का, ते फकीर मोहम्मदला ठाऊक होतं आणि आपल्याला ठाऊक आहे हे तिला ठाऊक आहे, हेही ठाऊक होतं. तीस वर्षांत ती गोष्ट दोघांपैकी कुणी काढली नाही. तिनं एकदा तोंड भरून शिव्या द्याव्यात, रडावं, हात उगारावा, पण बोलावं, इतकंच त्याला हवं होतं. ती बोलत नव्हती. बाकी संसार सगळा नीट होता.

चुना मात्र तिनंच भिजवला. तिचं हे काम ठरलेलं. अंगणात लोखंडी ड्रम, त्यात कळीचा चुना, वरून पाणी. चुना रटरट शिजायला लागला की थंडीच्या सकाळी वाफेचा खांब उभा राही, आणि ती तोंडावर पदर धरून लांब काठीनं ढवळी. आठ दिवस भिजल्याशिवाय चुना भिंतीला धरत नाही. हरिओमनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "झाला का?" इमामबी म्हणाली, "पोट फुगलेलं दिसलं म्हून बाळंतपन होत नाही, भाऊ. दिवस भराव लागतात." हरिओम हसला आणि गेला.

ते आठ दिवस फकीर मोहम्मद भिंती खरवडायला बंगल्यावर जात होता. भिंती दीड हात जाड, वर सागाच्या तुळया. पाठीवर पोतं बांधून, तोंडाला फडकं लावून तो लोखंडी पट्टीनं एकेक पापुद्रा उतरवी. दुपारपर्यंत पापण्या पांढऱ्या होत, घशात धूळ बसे, खांदा असा धरे की पाण्याचा लोटा डाव्या हातानं उचलावा लागे. नागपूरची मॅडम, अर्पिता, दिवसभर त्याच्याबरोबर असे. तिशीची, पायात बूट, केसात चुना. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, बाई दोन तासांत पळते. ती चौथ्या दिवशीही होती, आणि घोडीवर चढायला त्याच्या आधी तयार.

आठव्या दिवशी तिनं त्याला मधल्या मोठ्या खोलीत नेलं.

"चाचा, या भिंतीवर मला पायऱ्या करून हव्यात. पहिली पट्टी वरचाच रंग ठेवायचा. दुसऱ्या पट्टीत त्याच्या खालचा. तिसरीत त्याच्याही खालचा. असं शेवटपर्यंत. लोकांनी नुसतं पाहिलं तरी घराचा इतिहास समजेल."

हे काम त्याला फार आवडलं. आयुष्यभर वर चढवलं, आता एकेक करून खाली उतरायचं. पट्टी पाण्यात बुडवून, श्वास धरून तो चार बोटं रुंद पट्टे काढू लागला, आणि अर्पिता वहीत लिहू लागली.

"हा हिरवा ऑइलपेंट. कन्या शाळेचा. पोरींचे तेलाचे डोके टेकत, म्हून कमरेपर्यंत ऑइलपेंट लावा म्हने हेडबाई."

"याच्या खालचा करडा?"

"रेशनचं गोदाम. करडा म्हंजे करडा नव्हता तो, चुन्यात सिमिट टाकलं होतं. उंदरानं भित पोखरू नये म्हून."

"आणि तो गुलाबी दिसतोय तो?"

"दवाखाना. बाळंतिणीचा. माहा जुनेद याच खोलीत झाला. त्याच्या खाली पिवळा निंघन, तो टपालाचा, माह्या बापाच्या हातचा. अन् तळाले साहेबाचा पांढरा. तो पाहा तुमी, सायीवानी हाय."

ती हसली. पण तिचं बोट करड्या आणि गुलाबीच्या मधे थांबलं. तिथं पांढऱ्या चुन्याचा एक पातळ हात होता आणि त्याच्याखाली काळं. रंग नव्हता तो. जमिनीपासून हातभर उंचीवर गडद, आणि वर जाताना पसरत फिका होत गेलेला. अर्पितानं बोट फिरवलं आणि बोटाकडं पाहिलं.

"हा कसला थर? नगरपरिषदेच्या कागदांत गोदाम आणि दवाखाना यांच्या मधे दोन वर्षं इमारत बंद होती असं आहे. बंद इमारतीत काजळी कुठून आली?"

फकीर मोहम्मदच्या हातातली पट्टी पाण्याच्या डब्यात पडली. त्यानं ती काढली, पुसली, परत पुसली.

"माहीत नाही मॅडम," तो म्हणाला.

"आग लागली असेल," ती स्वतःशीच म्हणाली आणि तसं वहीत लिहून टाकलं. "माहितीच्या फलकावर घेऊ. आग आणि नंतरची डागडुजी."

त्या संध्याकाळी इमामबी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चुना गाळत होती. एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. चुन्याचं पांढरं दूध घमेल्यात पडत होतं. त्यानं सहज बोलल्यासारखं सांगितलं, "मधल्या खोलीत काजळी निंघली. मॅडम म्हन्ते आग लागली होती."

तिनं वर पाहिलं. "अन् तुमी काय म्हटलं?"

"म्या म्हटलं माहीत नाही."

इमामबीनं फडक्याचं टोक सोडलं. चुना फकीर मोहम्मदच्या पायांवर सांडला. ती घरात गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. कडी लावली नाही, पण त्याला आत जाववेना. बराच वेळ तो अंगणात चुन्यात भिजलेल्या पायांनी उभा राहिला.

बत्तीस वर्षांमागच्या पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं आणि खालची वस्ती सगळी गेली. मातीची घरं, काय टिकणार? दवाखाना तेव्हा नुकताच नव्या इमारतीत गेलेला आणि बंगला रिकामा. लोकांनी कुलूप तोडलं आणि अकरा घरं आत येऊन बसली, त्यात फकीर मोहम्मदचंही. महिनाभर राहू, म्हणाले. दोन वर्षं राहिले. मधल्या खोलीत लुगड्यांचे पडदे बांधून अकरा संसार आणि भिंतीच्या कडेनं अकरा चुली. भांडणं झाली, बारशी झाली, एक म्हातारा गेला, एक लग्न लागलं. ईद आणि होळी एका साली जवळजवळ आल्या तेव्हा खोलीत इतका धूर झाला होता की कोण कुणाच्या ताटात काय वाढतंय ते दिसत नव्हतं.

मग एक दिवस सकाळीच नगरपरिषदेचा मुकादम माणसं घेऊन आला. उद्या वरचे साहेब गोदामासाठी जागा पाहायला येणार, आजच्या आज खाली करा. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं, सगळं रस्त्यावर. फकीर मोहम्मद तेव्हा नगरपरिषदेचा रोजंदारीवरचा सफेदीवाला होता. मुकादमानं त्याच्या हातात सफेदीची कुंची दिली आणि म्हणाला, "साहेबाले हे काळं दिसू देऊ नको. नाही जमत तं उद्यापासून येऊ नको."

त्या भागातली बाई घर सोडते तेव्हा चुलीवर मातीचा एक हात फिरवून निघते, मग ती कुठल्याही जातीची, कुठल्याही धर्माची असो. जिथं अन्न शिजलं ती जागा उघडी, राखेनं भरलेली टाकून जायचं नसतं. इमामबी रस्त्यावरून परत आत आली होती, कडेवर सहा महिन्यांची महेजबीन, हातात ओल्या मातीचा गोळा. "एक हात फिरवू द्या," ती म्हणाली होती. आणि चौतीस वर्षांचा फकीर मोहम्मद, ज्याच्या मागं मुकादम घड्याळ पाहत उभा होता, तिला म्हणाला होता, "टाइम नाही. सरक." आणि त्यानं तिच्यादेखत तिची चूल पायानं फोडली आणि भिंतीवर कुंची मारली. घाईत चुना तिच्या अंगावर उडाला. ती मातीचा गोळा तसाच हातात घेऊन बाहेर गेली.

काजळी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला फकीर मोहम्मद मधल्या खोलीत कोनाड्याला पहिला हात देत होता आणि दारात सावली आली. त्यानं वळून पाहिलं. इमामबी उंबऱ्याच्या बाहेर चप्पल काढत होती. त्याचा हात थांबला आणि कुंचीतून चुना मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

इमामबी आत आली. भिंतीकडं सरळ गेली नाही. आधी खोलीच्या मधोमध उभी राहून चारी बाजूंना पाहत राहिली, जसं एखादीनं माहेरी आल्यावर पाहावं. मग अर्पिताकडं वळली.

"तूच का ते मॅडम? आग लागली म्हनून लिहिलं ते?"

"हो, चाची. तुम्हाला काही माहीत आहे का?"

"आग नाही लागली. आमी सैपाक केला."

 अर्पितानं वही उघडली, खाली जमिनीवर बसली आणि म्हणाली, "सांगा." इमामबी मात्र बसली नाही, फिरत सांगू लागली. एकेका जागी थांबायची, पायानं जमीन दाखवायची. इथं तानुबाईची चूल, तिच्या भाकरीचा वास सगळ्यात आधी सुटायचा. इथं तुळशीराम भाजीवाला अन् त्याची सरस्वतीबाई, ते उरलेल्या मेथीचं सगळ्यांना वाटायचे. इथं पंचफुला परटीण, तिची इस्तरी तापवायला सगळ्यांचे निखारे. इथं पिंजारी, त्याच्या कापसाला ठिणगी लागेल म्हणून त्याची चूल दारापाशी. नाव सांगताना ती अडली नाही. दोनतीनदा पदर मात्र डोळ्याला लागला.

अर्पिता लिहिता लिहिता थांबली. "चाची, मी फलकाचं शीर्षक 'ऐतिहासिक निवासस्थान' असं दिलंय. पण खरं सांगू, साहेब सात वर्षांत गेला. मग टपाल, दवाखाना, गोदाम, शाळा."

"पोस्टमास्तर राह्यत नव्हता अथी?"

"नाही. तो गावात राहायचा."

"मंग साहेबाच्या मागं अथी चूल आमचीच पेटली ना," इमामबी म्हणाली. "बाकीच्यायनं कचेरी केली, गोदाम केलं. घर तं आमीच केलं."

फकीर मोहम्मद भिंतीला टेकला. तीस वर्षांत त्याच्या मनात हे कधी आलं नव्हतं. त्याला वाटायचं, आपण लपून राहिलो होतो.

"दहा झाली," अर्पिता म्हणाली. "अकरावं?"

इमामबी पायऱ्या काढलेल्या भिंतीपाशी गेली आणि काळ्या पट्टीसमोर उभी राहिली. "अकरावं माह्यं. लिहा. इमामबी. जुनेद, चार वर्षांचा. महेजबीन, सहा महिन्याची."

"आणि चाचा?"

 बाहेर कुणीतरी दगडावर छिन्नी मारत होतं, तेवढाच आवाज.

"त्यायचं मले अजून समजलं नाही," इमामबी म्हणाली. "ते घरातले होते का खाली करनाऱ्यायतले. त्यायलेच विचारा."

तेवढ्यात हरिओम फोन कानाला लावूनच आत आला. फोन खिशात टाकत म्हणाला, "चाचा, नगरपरिषदेच्या अध्यक्षाईचा फोन होता. हे काळंकुट्टं कायले उघडं ठेवलं म्हने. पाहुणे येतीन, फोटो निंघतीन. रंगाच्या पट्ट्या राहू द्या, एवढं काळं झाका. एक हात मारा, झालं." मग त्याला अर्पिताचा चेहरा दिसला. "मॅडम, तुमी अध्यक्षाईशी बोलून घ्या. माह्या हातात काही नाही."

"मी बोलेन," अर्पिता म्हणाली, "पण आज नका झाकू."

"आजच म्हटलं त्यायनं. चाचा, मारा. शाळेचं काम उद्या कागदावर घेतो तुमच्या नावानं."

बादली फकीर मोहम्मदच्या पायाशीच होती. आठ दिवस भिजलेला, इमामबीनं गाळलेला चुना. कुंची हातातच होती, भरलेली. मारायला एक क्षण पुरला असता. इमामबी त्याच्याकडं पाहत नव्हती. तिनं भिंतीकडं तोंड केलं होतं, आणि त्याला तिची पाठ दिसत होती, खांद्यापाशी जराशी वाकलेली.

त्यानं कुंची बादलीच्या काठावर निथळली आणि आडवी ठेवून दिली.

"हरिओमभाऊ, हे मी एकडाव झाकलं होतं," तो म्हणाला. मग अर्पिताकडं वळला, कारण बायकोच्या पाठीला सांगणं त्याला जमत नव्हतं. "मॅडम, काल तुमाले खोटं सांगतलं. मले सगळं माहीत होतं. बाहेर काढलं त्या दिवशी सफेदी म्याच मारली. हे, माही बायको, एक मातीचा हात फिरवू द्या म्हने चुलीवर. म्या नाही देल्ला. चूल पायानं फोडली. मुकादमानं फोड म्हटलं नव्हतं. माह्याच मनानं फोडली, लवकर उरकाव म्हून. हे पन लिहा."

 चौसष्ट वर्षांचा माणूस फडक्यानं डोळे पुसायला गेला आणि फडक्यातला चुना डोळ्यात गेला, तसा तो आणखीच रडू लागला.

हरिओम अवघडला. "मंग मी दुसरा मानूस आनतो, चाचा. शाळेचंही त्यालेच द्या लागन."

"आना. पन कायच्यावर मारून राह्यला ते त्याले सांगून आनजा."

हरिओम गेला. अर्पिता वही मिटेना. "चाची, हे फलकावर येईल की नाही, मला आज सांगता येत नाही. मी भांडेन. पण वहीत आलेलं कुणी काढू शकत नाही."

इमामबी वळली. लोटा घेऊन आली, नवऱ्याची मान मागं धरून तिनं त्याच्या डोळ्यांत पाणी मारलं, एकदा, दोनदा, पापणी बोटांनी उघडून. "चोळू नका," ती त्याच्यावर खेकसली. "चाळीस वर्ष चुन्यात काढले, अन् येवढी अक्कल नाही आली." मग ओला हात पदराला पुसून ती अर्पितापाशी खाली बसली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं, जुनेदचे अब्बा एवढंच.

"लिहा," ती म्हणाली. "फकीर मोहम्मद, वल्द आमीर. वय तवा चौतीस. धंदा सफेदीचा. राहनार अथीच."